गुडघे टेकायची फळी

चित्रकारीण जुन्या बाजारात कपाट आणायला गेली आणि कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायची, लाकडी पेटी घेऊन आली. तिच्याच लहानपणीच्या चर्चमधली, भंगारात निघालेली. मधे जाळी, एका बाजूला फादरांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायची फळी.

"अगं बाई, कपाट आणणार होतीस ना?" जोडीदारणीने कपाळाला हात लावला. "कपडे कुठे ठेवायचे?"

"खुर्चीवर. नाहीतरी तिथेच ठेवतेस."

सोळाव्या वर्षी याच फळीवर तिने रडत रडत सांगितलं होतं, की माझं एका मुलीवर प्रेम आहे. आठवड्याभरात आईला कळलं आणि घरात आकाशपाताळ एक झालं. फादर तर बोलणारच नाहीत. जाळीत सांगितलेलं जाळीतच राहतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. त्यांच्याखेरीज ठाऊक होतं फक्त ताईला. म्हणजे चुगली ताईचीच! तेव्हापासून एकवीस वर्षं तिने ताईशी अबोला धरला होता.

पेटीच्या आत ती आता स्वतःला आणि जोडीदारणीला रंगवत होती, डोक्यामागे संतांसारखी सोनेरी वलयं देऊन. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. भर दुपारी, घरी एकटी असताना, ती फादरांच्या खुर्चीत बसून शेवटचे हात देत होती. बाहेर ऊन रणरणत होतं, पण पेटीत बोटं गारठली. टर्पेंटाइनच्या वासात हळूहळू लवंगेचा वास मिसळला. फादर सतत लवंग चघळायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पलीकडे फळी करकरली. कुणीतरी गुडघे टेकले.

"आशीर्वाद दे..." जाळीतून आवाज आला. "मी पाप केलंय..."

तिच्या हातातला ब्रश खाली पडला.

"तू सांगितलेलं... मी तुझ्या आईला सांगितलं. तुझ्या भल्यासाठी..."

"आणि ताई?"

"तिने... कुणालाच नाही..."

एकवीस वर्षं! ताईच्या लग्नालासुद्धा ती गेली नव्हती. भीती कुठल्या कुठे पळाली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माफ केलं म्हण... म्हणजे मी सुटेन..."

"नाही म्हणणार. माझं प्रेम पाप नव्हतं, तुमचं बोलणं होतं. आता राहा तसेच गुडघ्यांवर. हलू नका, मी तुम्हाला रंगवतेय."

तिने ब्रश उचलला. चित्रातल्या दोघींच्या पायांशी गुडघे टेकलेले फादर काढले, ओठ घट्ट मिटलेले. संध्याकाळी तिने ताईला फोन केला. दोघी हमसून हमसून रडल्या.

प्रदर्शनात ताई पेटीसमोर उभी राहिली. "वेडे, मला एकदा विचारायचंस तरी," म्हणत तिने धाकटीचा कान पिळला. मग वाकून चित्र पाहू लागली.

"छान झालंय गं. पण फादरांचं तोंड असं उघडं का ठेवलंस?"

चित्रकारिणीने पर्समधून बारीक ब्रश काढला. सकाळपासून ही तिसरी वेळ.

"खोड जात नाही त्यांची," ती म्हणाली आणि तिने ते ओठ पुन्हा मिटवले.