फाटकाशी बसलेला ढेमशा

अमरावतीच्या बसस्टँडवर पाऊस नुकताच थांबला होता आणि अवनी एका हातात पट्ट्याची तुटलेली दोरी घेऊन चिखलातून पळत होती. पुढे तिचा कुत्रा, ढेमशा. रस्त्यावर सापडला तेव्हा भाजीतल्या ढेमशासारखा गोल गरगरीत होता, म्हणून हे नाव. आता पाय लांब झाले होते, अक्कल मात्र होती तिथेच राहिली होती. सुभद्राआत्याला परतवाड्याच्या गाडीत बसवून द्यायला म्हणून आणलेला हा गडी थेट अकोल्याच्या गाडीत चढला.

"कोणाचं कुत्रं हाये हे?" कंडक्टर ओरडला. लोकांनी पाय सीटवर घेतले. अवनी आत शिरली तसा ढेमशा शेपटी हलवत सीटांखालून मागे पळाला.

"मॅडम, त्याच्यामागं पळू नका. त्याले वाटते तुमी खेळून राह्यल्या."

शेवटच्या सीटवर एक तरुण शेंगदाण्याची पुडी घेऊन आरामात बसला होता.

"मग काय करू? आरती ओवाळू?"

"खाली उतरा. त्याच्याकडं पाठ करा, अन् बसून मातीत काही सापडल्यासारखं करा."

"चिखलात?"

"चिखलातच."

त्याचा आवाज अगदी गंभीर होता, डोळे मात्र हसत होते. अवनीने त्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि चारचौघांत चिखलात उकिडवी बसली. थोड्याच वेळात तिच्या मानेला ओलं नाक लागलं. त्या तरुणाने मागून येऊन ढेमशाला एक शेंगदाणा दिला आणि हळूच त्याच्या गळ्यातला पट्टा धरला.

"आला की आधी शाबासकी, तीही लगेच. आता रागावल्या तर पुढच्या वेळी येणार नाई."

"मी कुठे रागावलेय?"

"तुमचे कान लाल झाले आहेत."

मग ते आणखीच लाल झाले. गाडीने हॉर्न दिला. घाईघाईत तिने नंबर घेतला आणि एवढंच कळलं की त्याचं नाव केयूर, घर पातूरला, अकोल्यात एका डॉक्टरांकडे जनावरांचा दवाखाना सांभाळतो आणि रविवारी अमरावतीत घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवतो. परतवाड्याच्या गाडीच्या खिडकीतून आत्याने हे सगळं डोळे भरून पाहिलं, कान देऊन ऐकलं. आत्याला चेहरे जन्मभर आठवतात, नावं तेवढी राहत नाहीत.

त्याच आठवड्यात ढेमशाने घात केला. अवनीची आई पायरीवर उभी असताना त्याने प्रेमाने तिच्यावर उडी मारली. आई पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. अवनीचे वडील उद्धवराव वकील. त्यांनी घरातच निकाल दिला.

"महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलेलं असेल. त्या दिवशी हा प्राणी हुकमाशिवाय आपल्या पोत्यावरून उठला, तर त्याच संध्याकाळी राखणदार नत्थुजी त्याला वरूडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत नेतील. तिथे साखळी आहे."

"बाबा, साखळीला बांधलं तर तो वेडा होईल."

"मग शिकव त्याला. आणि कोणी मास्तर आणलास, तर त्या दिवशी तो हजर नको. पढवलेला साक्षीदार मला चालत नाही."

अवनीने केयूरला फोन केला. त्या रविवारपासून तो येऊ लागला. घर शाकाहारी, सण जवळ आलेला, तेव्हा बक्षीस म्हणून पनीरचे बारके तुकडे ठरले. मारायचं नाही, ओढायचं नाही, ओरडायचं नाही. ढेमशा पोत्यावर बसला की तुकडा. क्षणभर जास्त बसला की आणखी एक. अंगावर उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीवर ठेवून समोर बसला, तरच लाड.

"अन् भुंकला की पोळी कोण देते?" केयूरने पहिल्याच दिवशी विचारलं.

आई आत सरकली. भुंकणं बंद व्हावं म्हणून ती रोज पोळी द्यायची.

"म्हणजे काकू, तुमी त्याले भुंकायचा पगार देऊन राह्यल्या," तो हसून म्हणाला. "आपण शिकवतो ते तर तो शिकतोच, पण आपल्या नकळत शिकवतो ते जास्त पक्कं शिकतो."

हे वाक्य अवनीने ऐकलं, पटलं म्हणून मान हलवली आणि सोयीस्कर विसरली.

कारण तिचा वेगळाच उद्योग चालू होता. रविवारी सकाळी ती ढेमशाच्या कानात म्हणायची, "केयूर." ढेमशा फाटकाकडे धावायचा, बसायचा आणि आत येणारा केयूर त्याला तुकडा द्यायचा. पुढे रविवारची गरज उरली नाही. रोज कॉलेजातून आली की ती उगाच ते नाव घ्यायची. नाव तोंडात घोळवायला बरं वाटायचं आणि दुसऱ्या कोणाजवळ घ्यायची सोय नव्हती. ढेमशा पळत फाटकाशी जाऊन बसायचा, रस्त्याकडे बघायचा. तीही बघायची. मग दोघांनी आपापलं समाधान करून घ्यायचं, त्याने पनीरवर आणि तिने रिकाम्या रस्त्यावर.

शेवटच्या रविवारी पाऊस भुरभुरत होता. ढेमशा पोत्यावर शहाण्यासारखा बसला होता. समोरून पोळी गेली, चेंडू गेला, तो हलला नाही.

"झालं मंग," केयूर म्हणाला. "आता माझं काम नाई इथं."

"म्हणजे... येणार नाही तुम्ही?"

"काही कारण पाह्यजे ना यायले..."

तुकडा द्यायला दोघांचे हात एकाच वेळी पुढे आले. बोटं बोटांना लागली आणि कोणीच ती लगेच मागे घेतली नाहीत. केयूरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं — आणि आईने आतून चहासाठी हाक मारली. चहा पिऊन तो गेला. अवनीला आयुष्यात चहाचा एवढा राग कधी आला नव्हता.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. पुरणाचा वास, सोळा भाज्या, आंबिलीची पातेली, ओसरीपर्यंत पंगत. नत्थुजी वरूडहून आले होते आणि त्यांच्या पिशवीतून साखळीचं टोक बाहेर लोंबत होतं. वाढता वाढता अवनीचे डोळे सारखे कोपऱ्यातल्या पोत्याकडे जात होते. ढेमशाच्या नाकासमोरून पुरणपोळीचं ताट गेलं. त्याच्या तोंडातून लाळ गळली, पण तो उठला नाही. कोणाच्या तरी हातून वाटी पडली, खणखणली. ढेमशाने अवनीकडे पाहिलं, तिने मान हलवली, तो बसून राहिला. आता ताक वाढलं की पंगत उठणार होती.

"अवनी," सुभद्राआत्या पानावरून म्हणाली, "तो बसस्टँडवरचा पोरगा गं... काय नाव त्याचं?"

अवनीच्या हातातलं भांडं थांबलं. या क्षणापर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं की आपण घरात सुरुंग पेरून ठेवला आहे.

"आत्या, कढी वाढू?"

"कढी नको. नाव सांग. जिभेवर आहे बघ माझ्या..."

"राहू दे ना आत्या. भात घे थोडा."

"अगं, असं काय करून राहिलीस? क-वरून होतं काहीतरी. हां, केयूर."

पोतं रिकामं झालं. ढेमशा पंगतीच्या मधून सुटला, दोन पानं ओलांडली, एका पाहुण्याच्या धोतरावर आंबील सांडली आणि फाटकाशी जाऊन ताठ बसला.

"नत्थुजी," उद्धवराव शांतपणे म्हणाले, "साखळी काढा."

साखळी पिशवीतून खळखळत बाहेर आली. तो आवाज अवनीला सहन होईना. गप्प राहिली तर तिची लाज झाकली जाणार होती आणि ढेमशा जाणार होता. तिने भांडं खाली ठेवलं.

"बाबा, तो चुकला नाही. अट हुकमाशिवाय उठायची होती. हा हुकूमच आहे. मी शिकवलाय."

"कोणता हुकूम?"

"ते... नाव."

"नावाचा हुकूम? कशासाठी शिकवलास?"

बाबांच्या आवाजात आता कोर्ट उतरलं होतं. सगळी पंगत हात आखडून ऐकत होती.

"शिकवला असा नाही. मी ते नाव सारखं घेत होते, त्याच्यापाशी. रोज. नाव घेतलं की त्याला तुकडा द्यायचे, म्हणून तो शिकला." तिने डोळे वर ठेवले. "मला केयूर आवडतो, बाबा. हे मला माणसांना सांगता आलं नाही. त्याची शिक्षा ढेमशाला नको."

आत्याच्या चेहऱ्यावर आडनावाचा प्रश्न स्पष्ट उमटला. उद्धवरावांनी हात धुतला.

"पुरावा लागेल. त्याला जागेवर आण."

अवनीने हाक मारली. ढेमशा पोत्यावर येऊन बसला.

"नितेश," उद्धवराव म्हणाले. ढेमशाने एक कान हलवला. "शुभंकर." ढेमशाने जांभई दिली. उद्धवरावांनी घसा खाकरला आणि त्यांना नको असलेलं नाव घेतलं. "केयूर."

ढेमशा पुन्हा फाटकाशी.

"साहेब," नत्थुजी म्हणाले, "कुत्रं तं खरं बोलून राह्यलं. आता याले बांधू कसा मी?"

"फिर्यादी मी नाही," उद्धवराव पत्नीकडे पाहत म्हणाले. "तू सांग."

आई उठली. मनगट अजून दुखत होतं. ती फाटकापर्यंत चालत गेली आणि ढेमशासमोर उभी राहिली. ढेमशाचं सगळं अंग आनंदाने थरथरत होतं, शेपटी जमीन झाडत होती, पण चारी पाय खालीच राहिले. आईने दुखऱ्या हाताने त्याला पुरणपोळीचा तुकडा दिला आणि वळून म्हणाली, "साखळी पिशवीत टाका, नत्थुजी. आणि अवनी, हा इथून उठायचा नाही. ज्याची वाट बघून राहिला, त्याला फोन कर."

अवनीने फोन लावला. "हॅलो... तुम्हाला यायला किती वेळ लागेल?"

"नेलं काय त्याले?" केयूरचा आवाज एकदम पडला.

"नाही. तुमची वाट बघतोय. आम्ही दोघंही..."

फोन बंद झाला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपासून कोणीतरी पळत आलं आणि फाटकाबाहेर धापा टाकत उभं राहिलं.

"अकोल्याहून?" उद्धवरावांनी घड्याळ पाहिलं. "इतक्या लवकर?"

"सकाळपासून टपरीवरच होतो, काका."

"काय करत होतात?"

"भीत होतो."

"कुत्र्यासाठी?"

केयूरने अवनीकडे पाहिलं. "मलेही आधी तसंच वाटलं होतं."

मग "आडनावाचं नंतर बघू, ताक वाढा," म्हणत उद्धवराव पानावर जाऊन बसले. आत्याला अजून विचारायचं होतं, पण आईने तिच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

फाटकाशी आता तिघंच होते.

"परवाच सांगायले पाह्यजे होतं," केयूर हळूच म्हणाला. "उशीर झाला काय?"

"झाला. शाबासकी लगेच द्यायची असते ना?" अवनीने कडी काढली. इतक्या रविवारांचं 'तुम्ही' तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते तिथेच सोडून दिलं.

"ये," ती म्हणाली.

आणि केयूर आत आला.