हिरवी तार जाते कुठे

काम साधंच होतं. न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, आई ऐकत नाही, तुम्ही एकदा बघून या, असा परगावी राहणाऱ्या मुलाचा फोन होता. वायरमन भर दुपारी पोचला. घरात काकू एकट्याच. काका जाऊन सहा महिने झाले होते, आणि तेव्हापासून या घराची पायरी कुणी चढलं असेल असं वाटत नव्हतं. चहा देताना काकू त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. त्याला अगदी कसंसंच झालं.

त्यानं मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून खिशात टाकले. आपण नळाला चिकटलेलो असताना कुणी आगाऊपणानं वीज सुरू केली तर खेळ खलास! मग त्यानं नळ धरला.

झिणझिण्या आल्या.

मीटर लावला. शून्य. पुन्हा हात लावला, तर बोटांवरून काहीतरी हळूच सरकत मनगटापर्यंत आलं, थबकलं, आणि परका माणूस बघितल्यासारखं झटकन मागे गेलं.

"रोज याच वेळेला…" काकू दारातून म्हणाल्या. "जेवून हात धुवायला यायचे ना ते."

त्यानं पक्कड उचलली. काम आटपून निघालेलं बरं. नळ, पाइप, गिझर, सगळं त्यानं एका हिरव्या तारेनं एकमेकांना जोडलं आणि ती तार अंगणात जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळईला नेऊन आवळली. नळ गप्प झाला.

काकूंनी नळ धरून बघितला. बराच वेळ सोडला नाही. चेहरा पार उतरला.

"काढा हो ती तार… मला हात लावणारं दुसरं कोण आहे इथे?"

"काकू, जिवाशी खेळ नको. मुलाला तुमच्या काय सांगू मी?"

"मग ते गेले कुठे?"

"जे काही असेल ते तारेतून जमिनीत जातं," तो बोलून गेला.

हत्यारं आवरून तो बाहेर आला, तर काकू अर्थिंगशेजारी बसलेल्या. जमीन उन्हानं दगड झालेली, कुठे उकरल्याची खूण नाही, आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत आत.

"काकू!" त्यानं दंड धरून ओढलं. हात कोपरापर्यंत गेला.

"ओढू नका…" काकू लाजून हसल्या. "किती दिवसांनी धरलाय."

मग त्यांनी कपाळावरचे केस सारखे केले आणि दुसरा हातही जमिनीवर ठेवला.