दगडातला अंगठा

सोमवारी म्युझियम बंद असतं, म्हणून तिथं काम करणारी माझी लेक अपर्णा मला सोमवारी घेऊन गेली. अमेरिकेतल्या ॲन आर्बरपासून गाडीनं पाऊण तास. नोव्हेंबर होता. रस्त्याकडेच्या शेतांत मक्याची नुसती थोटकं उरली होती. मागच्या दाराशी तिनं फोनच्या काचेवर पहिलं बोट टेकवलं. फोन उघडला आणि फोननं दार उघडलं.

"बरं झालं, तुझं बोट नाही लावलं," ती हसून म्हणाली. "बाहेरच राहिलो असतो दोघी."

खरंच आहे. माझा अंगठा कुठल्याच यंत्राला लागत नाही. रेशनच्या दुकानातल्या नाही, इथल्या विमानतळावरच्याही नाही. तीस वर्षं मी दारोदार फिरून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावली. लोक म्हणतात, दगडानं रेषा झिजल्या. पण टाकी सोडली तेव्हाही माझा अंगठा स्वच्छ उमटत होता. शेवटचा उमटला तो आमची वस्ती पाडली त्या साली, एका कागदावर. सरकारी साहेब म्हणाला, हजेरीचा कागद आहे. त्यावर लिहिलं होतं की आम्ही आपणहून घरं सोडतो आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले, मागोमाग बुलडोझर. पेपरात छापून आलं, वस्ती शांततेत हलवली. तेही मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं. त्या संतापानं मी त्रेपन्नाव्या वर्षी अक्षरं शिकायला पाटी धरली. तो संताप अजून गेलेला नाही.

अपर्णा दाखवणार होती तो दगड मोठ्या हॉलमध्ये एकटाच उभा होता. माणसाहून उंच, राखाडी, जातीचा मऊ. असिरियाच्या राजाच्या महालातला, अडीच हजार वर्षांहून जुना, असं अपर्णा म्हणाली. राजानं एका शहराला वेढा घातला, त्याचं चित्र. मातीचा उतार रचून त्यावरून चाकांचं यंत्र वर चढवलेलं. त्याची सोंड भिंतीत घुसलेली, विटा निखळताहेत. भिंतीवरून माणसं पेटते पलिते फेकताहेत. बुरुजावर बायका, हात वर केलेल्या. खाली सैनिक खजुराची झाडं तोडताहेत. आणि दारातून बाहेर पडणारी रांग. बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर लेकरं, मागून चालणाऱ्या बाया. रांगेच्या कडेला दोन कारकून लिहीत उभे. त्यांच्या माना लिहिण्यातून वर उचललेल्या नव्हत्या.

मी जवळ गेले. एका कडेला राजा होता. त्याची दाढी कोरणारा निवांत बसलेला असणार, एकेक बट सारखी. बायकांच्या हातांवरची टाकी वेगळी होती. खोल, घाईची, कुठे कुठे घसरलेली. हा कारागीर दुसरा. यानं या बाया डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

शेजारच्या भिंतीवर इंग्रजी पाटी होती. अपर्णानं मराठीत सांगितली. "वेढ्यानंतर नागरिकांनी दरवाजे आपणहून उघडले. स्थलांतर शांततेत पार पडलं."

माझं डोकं भणभणलं. "कुणी लिहिलं हे?"

"मीच."

"तुला डोळे नाहीत?"

"मी वेगळं लिहिलं होतं, आई. नैनानं, माझ्या डायरेक्टरनं, तीनदा परत पाठवलं. शुक्रवारी ओपनिंग आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे. ते रिन्यू झालं नाही तर व्हिसा गेला. या पाटीच्या मंजुरीवर अजून मी सही केलेली नाही. आज करायची आहे."

तेव्हाच मला एक खळगा दिसला. रांगेच्या खाली, कोपऱ्यात. टाकीचा नव्हता. टाकी दगड उडवते. इथे तो दबला होता, ओल्या चिखलात बोट दाबावं तसा. आत बारीक रेषा होत्या आणि त्यांच्यातून तिरकी गेलेली एक धार. टाकी निसटली होती तेव्हाचा तसाच तिरका व्रण माझ्या अंगठ्यावर आहे. मी अंगठा खळग्यात ठेवला. बरोबर बसला. रेषा मात्र दगडातच होत्या, माझ्या अंगठ्यावर नव्हत्या.

"आई! हात नको लावूस!"

"हा कधीचा?"

"पहिल्यापासून आहे." माझा विश्वास बसेना, तेव्हा तिनं आतून एक जुना फोटो आणला. शंभर वर्षांपूर्वी दगड जमिनीतून काढला तेव्हाचा. मी कोपऱ्यावर बोट ठेवून पाहिलं. खळगा होता. एक.

तेवढ्यात नैना आली. आईबाप पुण्याचे, ही जन्मली इथेच. हातात टॅबलेट.

"हॅलो काकू! कसं वाटलं? अमेझिंग ना?"

"तुमची पाटी खोटी आहे, पोरी."

"काकू, इट्स जस्ट अ लेबल." ती गोड हसली. "डोनर फॅमिलीला डिनरच्या वेळी व्हायलन्स नकोय. लोक वाईन घेऊन येतात, पाच सेकंद वाचतात."

"पाच सेकंदांसाठी खोटं कशाला लिहायचं? भिंत कोरी ठेव."

"शी इज सो फनी," नैना अपर्णाला म्हणाली आणि टॅबलेट पुढे केला.

मी मध्ये हात घातला. "करू नकोस. मला वाचता येत नव्हतं. तुला येतं."

"तू मार्चमध्ये परत जाशील, आई. मला इथेच राहायचंय."

तिनं टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवून सही केली.

टक.

तो आवाज मी तीस वर्षं ऐकला आहे. टाकी दगडावर नीट बसली की येतो तो. त्या दोघींनी मान वळवली नाही.

मी खाली वाकले. खळग्याशेजारी दुसरा खळगा होता. लहान, निमुळता. फरशीवर दगडाचा कणही पडलेला नव्हता.

"हे बघ. आत्ता एकच होता."

"दोनच आहेत, काकू," नैना म्हणाली. "ऑलवेज. कॅटलॉगमध्ये पण आहेत."

फोटो अजून माझ्या हातात होता. मी पुन्हा कोपऱ्यावर बोट ठेवलं.

दोन.

अपर्णानं फोटो पाहिला, दगड पाहिला. मग हात जॅकेटच्या खिशात घातला.

आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. दार पाठीमागे आपोआप लागलं. बर्फ भुरभुरायला लागला होता. तिची गाडीही फोननंच उघडते.

तिनं काचेवर बोट टेकवलं. काच पुसून पुन्हा टेकवलं. बोटावर फुंकर मारली, जीन्सवर घासलं, पुन्हा टेकवलं.

"थंडीनं असेल," ती म्हणाली.

मी तिचं बोट हातात घेऊन उजेडाकडे धरलं. टोक धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं.