चिमूटभर पापडखार

सिंधीपुऱ्यातून शाळेत जाताना मंगलाच्या चपलेचा अंगठा तुटला, तो नेमका नंदकुमारच्या परसाच्या कुंपणापाशी. मराठी शाळेतली बावीस वर्षांची नवी बाई, एका पायावर उभी... खाली वाकली, तर काटक्यांच्या फटीतून लाल, पिवळे, गुलाबी दांडे चमकले. वर ओली हिरवी पानं.

"बीट आहे का हो?"

"नाही. स्विस चार्ड. आमच्या सरकारी नर्सरीत बी आलं होतं." नंदकुमार झारीसकट उभा राहिला. "पालकासारखं करायचं. न्या ना, बाई."

दुसऱ्या दिवशी बाई तक्रार घेऊन हजर.

"रंग कुठे गेले तुमचे? एकदम मातकट झाली भाजी."

"पापडखार टाकला असेल."

"मग? चिमूटभर टाकतातच की पालेभाजीत."

"म्हणजे माझंच चुकलं — खाराने याचा रंग जातो, आंबटाने टिकतो, हे सांगायला हवं होतं." तो हसला, आणि मंगलाला ते हसू जरा जास्तच आवडलं. "चला, आई आहे घरात. इथेच करून बघा."

नंदकुमारच्या आईने, गोदाबाईंनी, चुलीपुढे पाट सरकवला. मंगलाने दांडे वेगळे चिरले, लसणाच्या फोडणीत आधी तेच टाकले, वर चिंचेचा कोळ, पानं मागाहून. लाल लालच राहिलं, पिवळं पिवळंच.

"कागद भरला का वं पोरी?" गोदाबाईंनी विचारलं.

भाषावार प्रांतरचनेत नवं राज्य होऊन महिना झाला होता. मराठी शिक्षकांनी लिहून द्यायचं होतं — इथे मध्य प्रदेशात राहणार, की पलीकडे जळगावला जाणार. उद्या शेवटचा दिवस. मंगलाचा कागद अजून कोराच होता.

"तुम्ही जा," नंदकुमार कढईकडे बघत म्हणाला. "तिकडे मराठी शाळा टिकेल. इथला काही भरोसा नाही."

"हे नर्सरीवाले साहेब बोलताहेत... की तुम्ही?"

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. फोडणीचा वास घरभर पसरला होता.

"मी राहा म्हणालो, अन् शाळाच बंद पडली तर? जन्मभर मला बोल लावाल."

मंगलाने कढईवर झाकण ठेवलं. आवाज वर्गातला निघाला, खणखणीत.

"लावीनच. पण त्यासाठी तुम्ही जन्मभर समोर असायला हवेत ना."

गोदाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"राहा ना... मग," नंदकुमार पुटपुटला.

"जोरात बोल रे," गोदाबाई म्हणाल्या. "मलाही ऐकू दे."