हरीण शिवलं

पहिली रायफल मिक्सरसारखी घ्यावी, असं शिरीषचं मत होतं. दिसायला कशी का असेना, वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालली पाहिजे.

"लोक काय करतात, आधी तोफ घेतात. खांद्याला एकदा दणका बसला की मग ट्रिगर ओढताना डोळे मिटतात," गाडी लावता लावता तो म्हणाला. "तू थ्री-ओ-एट घे. बोल्ट ॲक्शन. गोळ्या कुठेही मिळतात, आत बिघडण्यासारखं काही नसतं. पैसे दुर्बिणीत घाल, लाकडात नको. आणि बायको निवडल्यासारखा रूप बघत बसू नको..."

आणि त्याने जीभ चावली.

"बोल की," यतीन म्हणाला. "ती मेलीय. शब्द नाही मेलेला."

शिरीष मूळचा साताऱ्याचा. ऑस्ट्रेलियात गिरावीनला राहायचा, आठवडाभर कोड लिहायचा आणि सुट्टीत हरणं मारायचा. यतीन पुण्याचा, पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात धातुतज्ज्ञ. घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारणारा माणूस. पण बायकोच राहिली नव्हती. डॉक्टर कादंबरी ड्युटी संपवून घरी येत होती, डोंगरातल्या वळणावर गाडीसमोर हरीण आलं. ती जागच्या जागी गेली. हरीण, पोलीस म्हणाले, उठून निघून गेलं.

यतीन राहायचा त्या वॉलॉंगॉंगला हरणांचं कौतुक कुणालाच नाही. डोंगर उतरून येतात, गुलाब खातात, फुटबॉलच्या मैदानात बसतात. उपद्रवी जनावर. त्यामुळे यतीनने लायसन्ससाठी अर्ज केला तेव्हा कुणाची भुवई उंचावली नाही. परदेशात दुःखाला कुणी फार विचारत नाही. आठवडाभर डबे येतात, व्हॉट्सॲपवर जोडलेले हात येतात, मग प्रत्येकाला आपापलं लॉन कापायचं असतं.

दुकानात म्हाताऱ्या मालकाने तीन रायफली काउंटरवर मांडल्या. एकेकीचा बोल्ट उघडून रिकामी असल्याचं यतीनला दाखवलं, स्वतः बघितलं, पुन्हा दाखवलं. मग म्हणाला, डोळे मीट, खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळे उघड. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर ती तुझी. मान हलवावी लागली तर दुसऱ्या कुणाची.

पहिलीत अर्धा काळा चंद्र दिसला. दुसरीत समोरची पिवळट भिंत दिसली, पण कडेला सावली होती. तिसरी काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, ओबडधोबड. यतीनने डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले.

गोल पूर्ण होता. त्यात एक डोळा होता. तपकिरी, ओला, लांब पापण्यांचा. त्याने पापणी लववली.

यतीनने रायफल खाली घेतली. समोर पिवळट भिंत.

"फुल सर्कल, मेट?" म्हाताऱ्याने विचारलं.

"येस," यतीन म्हणाला.

"बघ, मिक्सर मिळाला," शिरीष म्हणाला. "वरणभाताच्या हातात बंदूक! दुनिया बुडाली."

हरीण मारायचं होतं ते सुडासाठी, असं शिरीषला वाटत होतं. यतीनने तसंच वाटू दिलं. खरं सांगितलं असतं तर शिरीषने त्याला रायफलीच्या नाही, मानसोपचाराच्या दुकानात नेलं असतं.

खरं असं होतं. दहाव्याला मागच्या लॉनवर पिंड ठेवला. पुण्याहून गुरुजी फोनच्या स्क्रीनवर मंत्र सांगत होते. ऑस्ट्रेलियात कावळे नाहीत असं नाही. तान्ह्या पोरासारखे रडतात, कचऱ्याच्या बिनमध्ये चिप्स दिसले की झुंडीने येतात. त्या दिवशी एक फिरकला नाही.

"काही इच्छा राहिली असेल, वचन द्या," गुरुजी म्हणाले.

यतीनने घर सांगितलं, तिचं अर्धवट पुस्तक सांगितलं, आपल्या पोरीला, श्रियाला, नीट वाढवीन म्हणून सांगितलं. ऊन चढलं. भात वाळायला लागला. शेवटी कादंबरीची आई, सुहासिनीबाई, पदर पसरून पुढे झाल्या. लेकीच्या तोंडचा घास कुणी शिवेना, हे त्या माउलीला बघवेना.

"श्रिया तुझीच ग, बाळा. तिला तुझ्यापासून कुणी तोडणार नाही. शब्द आहे माझा."

झाडीतून हरीण बाहेर आलं. मादी. डावा कान फाटलेला. सगळ्यांच्या देखत सावकाश चालत आली आणि तिळासकट पिंड खाल्ला.

"शिवला का?" गुरुजींनी विचारलं. त्यांचं चित्र अडकलं होतं.

"शिवला," सुहासिनीबाई म्हणाल्या. "हरीण शिवलं."

स्क्रीनवरचं चित्र पुन्हा हललं. मग गुरुजी म्हणाले, "शिवलं ना? मग झालं म्हणा." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ते रोज यायचं. श्रिया शाळेतून आली की कुंपणापाशी उभं. यतीनने कुंपण उंच केलं. हरणाने ते ओलांडलं. बाई त्याला केळ्याची सालं घालायच्या आणि हळू आवाजात बोलत बसायच्या. श्रिया आधी पायरीवर बसायची, मग लॉनवर, मग कुंपणापाशी. एका दुपारी यतीन कामावरून लवकर आला तर पोर घरात नव्हती. डोंगराच्या चढावर, झाडीत, हरणाच्या मानेवर हात ठेवून चालली होती. शाळेचा युनिफॉर्म, पायात नुसते मोजे. त्याने हाका मारल्या. हरणाने वळून बघितलं. तिने नाही.

त्याने धावत जाऊन तिला उचललं.

"शी वॉज टेकिंग मी होम, बाबा."

"घर इकडे आहे, श्रिया."

"नॉट दॅट वन."

त्या दिवसापासून त्याने दारांना कुलपं लावली आणि सासूबाईंशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलला.

"आई, ते जनावर आहे. ह्याच जातीने तुमच्या लेकीला मारलं."

"जातीने मारलं असेल. हिने नाही." सुहासिनीबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. "यतीनराव, तुम्ही तिच्यावर बंदूक धरणार?"

"मग काय करू? पोर देऊन टाकू?"

बाईंनाही आपण काय बोलून बसलो ते कळलं होतं. पण दिलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे कुठल्याच गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

कोर्स झाला, परीक्षा झाली, पोलिसांची परवानगी आली, रायफल हातात येण्याआधीची सक्तीची वाट बघून झाली. मागच्या अंगणात गोळी झाडणं गुन्हा होता. यतीनने ठरवलं होतं, आधी शिकायचं, मग गुन्हा करायचा. तुरुंगात गेलो तर गेलो. पोर घरात राहील.

शिरीषने त्याला गोलबर्नच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतावर नेलं. मोकळं, पिवळं रान. झाड औषधाला नाही. निघताना श्रिया खिडकीत होती. तिने हात हलवला नाही.

सकाळभर त्याने कागदावर नेम धरला. रायफल खरंच भरवशाची होती. जिथे बघितलं तिथे गोळी.

दुपारी शिरीषने त्याच्या दंडाला हात लावला.

"हलू नको. समोर."

टेकाडाच्या उतारावर, भर उन्हात, ते उभं होतं.

"च्यायला," शिरीष कुजबुजला. "ही समुद्राकडची जात. इथे कशी?"

यतीनने डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. गोल पूर्ण. डावा कान फाटका.

ते आडवं वळलं. डावी कूस त्याच्याकडे केली, आणि थांबलं. मुद्दाम.

"मार," शिरीष म्हणाला.

त्याने मारली.

हरीण पळालं नाही. उडालं नाही. त्याने मान वळवून यतीनकडे बघितलं, आणि दमलेलं माणूस बसतं तसं गवतात बसलं.

ते चालत गेले. गवत गुडघाभर, कुसळं मोज्यांत घुसत होती. टेकाडावर हरीण नव्हतं. रक्त नव्हतं. लपायला जागाच नव्हती.

एका ठिकाणी गवत दबलेलं होतं. यतीनने वाकून हात लावला. ऊब होती.

शिरीष त्या जागेकडे बघत राहिला. "एवढ्याशात हरीण मावतं?" तो म्हणाला.

यतीन गाडीकडे पळत सुटला.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. सुहासिनीबाई कुकर लावत होत्या.

"श्रिया कुठेय?"

"झोपलीय. दुपारी खेळता खेळता एकदम दमले म्हणाली आणि आडवी झाली. उठवा आता, वरण होतंय."

"बाहेर गेली होती?"

"तुम्हीच कुलपं लावलीत. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत."

खोलीत पडदा ओढलेला होता. श्रिया डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून निजली होती. खोलीला वाळलेल्या गवताचा वास होता.

तो पलंगाच्या कडेला बसला. तिच्या मोज्यांत कुसळं होती. केसांतही.

"उठली का?" स्वयंपाकघरातून बाईंनी विचारलं.

"उठवतो."

त्याने एक कुसळ काढलं. मग दुसरं. एकेक काढून तळहातावर ठेवत राहिला. कुकरची शिट्टी झाली, परत झाली. तिला त्या कुशीवरून वळवायचं काही त्याच्याच्याने झालं नाही.