न उघडलेली तीन पानं

मकावच्या एका कॅसिनोत पत्ते वाटणं ही माझी नोकरी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मी दुधाची बाटली तीनतीनदा उकळणारी बाई. माझ्या घाबरण्याला घरात कुणी किंमत देत नाही. तुम्हीही हवी तेवढीच द्या.

त्या दिवशी सकाळची पाळी होती. तोंग-तोंग, माझी चार महिन्यांची मुलगी, पहाटेपासून तापली होती.

"शंभरदा हात लावून ताप उतरतो का?" सासूबाई म्हणाल्या. "मी आहे ना? निघ तू."

निघाले. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि पहिली सुट्टी सव्वानऊला. तोवर मला घरचं काहीच कळणार नव्हतं.

आमच्या मजल्यावर आठ वाजले तरी सकाळ होत नाही. खिडकी नाही, घड्याळ नाही. रात्रभर बसलेले लोक पेज प्यायला गेलेले. दूर कुठेतरी गालिचा झाडणारं यंत्र घरघरत होतं. रिकाम्या टेबलामागे मी हात पसरून उभी होते.

"आ-मान, चेहरा बघ जरा," आमचे सुपरवायझर सिउ साहेब मागून पुटपुटले. "गिऱ्हाईकाला बोलावतेस की पोचवतेस?"

ते पुढच्या टेबलाकडे वळले, आणि मला वास आला. आलं, काळं व्हिनेगर, खूप वेळ शिजलेलं मांस. बाळंतपणात महिनाभर मला खाऊ घातलं होतं, तेच. समोरच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. ती कधी आली, ते मी पाहिलं नाही.

"कसं खेळायचं गं, पोरी?"

नियम सांगायला आम्हाला मुभा असते. "आधी इथे चिप ठेवायची, आजी. तीन पानं तुम्हाला, तीन मला. तुमची बघा. नको वाटली तर सोडा, चिप माझी. खेळायचं असेल तर तेवढीच आणखी एक ठेवा, मग मी माझी उघडते."

"आणि तुझी चांगली निघाली तर?"

"ज्याची वरचढ, तो जिंकला. पण माझ्याकडे निदान राणी तरी हवी. तीही नसली तर माझा डाव धरतच नाहीत. तुमची पानं कशीही असोत, पहिल्या चिपेला तेवढेच पैसे मिळतात."

"म्हणजे नुसतं टिकून राहायचं."

"हो... तसंच."

तिने शंभराची चिप ठेवली. बोटं अगदी कोरडी, सालपटासारखी. यंत्राने पानं सरकवली. मी वाटली. तिने हातही लावला नाही.

"ताप किती आहे लेकराला?" तिने विचारलं.

मी सिउ साहेबांकडे पाहिलं. त्यांची पाठ होती.

"तुम्हाला कुणी..."

"हा डाव तिचा मांडलाय मी."

माझी मुलगी हिने पणाला लावली, एवढंच मला कळलं. ही जिंकली तर तिला घेऊनच...

"मी पानं बघणार नाही," ती हळूच म्हणाली. "तू सांग. खेळू की सोडू?"

"आम्हाला सांगता येत नाही, आजी. नोकरी जाते."

"आई म्हणून सांग."

कॅमेऱ्याला ओठ दिसू नयेत म्हणून मी मान खाली घातली. "...सोडा."

तिने पानं माझ्याकडे लोटली. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"वेडी गं," ती म्हणाली. "मी तिच्या बाजूने बसले होते."

"पण तुम्ही तर माझ्याविरुद्ध..."

"तुझ्यासमोर बसल्याशिवाय इथे खेळता कुठे येतं?"

ती उठून गेली. तिची पानं मी न उघडता मोजून टाकली. नियमच आहे तो. माझी मात्र उलटली. दश्शी, सत्ती, तिर्री.

राणी नव्हती. आजी टिकून राहिली असती, तर जिंकली असती.

सव्वानऊला लॉकर उघडून आधी घरी फोन लावला.

"ताप उतरला की!" सासूबाई फोनवर ओरडल्या. "तासाभरापूर्वीच. एकदम गार पडली आणि झोपली. आणि तू? रडतेस कशाला, बावळट!"

तोंग-तोंग आता अकरा महिन्यांची आहे. हसते, पेज खाते, टेबलाची कड धरून उभी राहते. कपडे दर महिन्याला आखूड होतात. ताप आला त्याच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात तिचं वजन सहा किलो दोनशे भरलं होतं. आजही तेवढंच भरतं. नर्सने तीन काटे बदलून पाहिले आणि मग माझ्याकडे बघणं टाळलं.

काटा खोटा म्हणावं, तर तिन्ही काटे एकच आकडा दाखवतात. आणि काटे खरे असतील, तर ती माझ्या कडेवर दिवसेंदिवस जड का होत चाललीय?