शेडमधलं हीव

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तृप्ती दर पंधरा मिनिटांनी काचेच्या पात्राचं तापमान लिहायची. धनराज खैरनार सरांचा दावा होता, की जड पाण्यात बुडवलेल्या पॅलेडियमच्या कांडीत थोडी वीज सोडली की प्रचंड उष्णतेशिवायच अणुकेंद्रं जुळतील आणि घातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा बाहेर पडेल. शीत संमीलन. पण आठ महिने झाले तरी पात्र ढिम्म होतं.

१९९६ च्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, पारा अचानक चार अंश चढला. पात्राशेजारी झाडलोट करणारी चिमणाबाई भाकरी खात बसली होती. ती हात धुवायला उठली आणि पारा उतरला.

सरांनी तिला तीनदा बसवलं, तीनदा उठवलं. मग खुर्ची मागवली.

“झाडू राहू दे. तू नुसती बसत जा.”

पेठ तालुक्याकडची ती बाई. नुसतं बसायचं काम मिळालं म्हणून लाजून हसली.

तृप्तीने जोडण्या तपासल्या, तापमापक बदलले, स्वतः बसून पाहिलं. पारा हलेना. चिमणाबाईच लागत होती.

मे महिन्यात पत्रा तापून कडकड वाजायचा आणि चिमणाबाई घोंगडी पांघरून बसायची. “ताई, हीव भरलंय अंगात.” तृप्तीने तिच्या काखेत तापमापक ठेवला. बत्तीस. माणसाचं सदतीस असतं. दुसरा ठेवला. तोही बत्तीस.

“सर, हिला दवाखान्यात न्यायला हवं.”

“गुरुवारी पाहुणे येतायत. शुक्रवारी ने.”

तृप्तीने मान डोलावली. शोधनिबंधावर दुसरं नाव तिचं येणार होतं.

गुरुवारी पाहुण्यांसमोर सरांनी वीज तोडली. तरी पात्र उकळत राहिलं. टाळ्या वाजल्या. त्या गलक्यात चिमणाबाईने तृप्तीचं मनगट धरलं.

“ताई, उठवा मला. मला उठता येत नाय.”

तृप्तीने सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

तिने एकेक बोट सोडवून मनगट मोकळं करून घेतलं.

बारा चाळीसला पात्र एकाएकी शांत झालं. चिमणाबाईची मान कलली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा पुंजा शेडच्या दारात उभा राहिला.

“ताई, सकाळी सरण पेटवलं. लाकडं जळून गेली. ती नाय जळली.”

सर ताडकन उठले. “तिला हलवलं नाही ना कुणी?”

त्यांनी जीपची किल्ली घेतली.

नासर्डी नदीकाठच्या स्मशानात ऊन मी म्हणत होतं. निखारे अजून धगधगत होते. त्यांच्या मधोमध चिमणाबाई निजली होती. लुगड्याची किनारसुद्धा करपलेली नव्हती.

सरांनी खिशातून तापमापक काढला.

तृप्ती वाकली आणि तिच्या तोंडावर गारवा आला. चिमणाबाईच्या गालांवर, मिटल्या पापण्यांवर, दवाचे बारीक थेंब होते.

ते हळूहळू मोठे होत होते.